मोल आणि ऋण

वकिलीच्या व्यवसायात एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की, पुढे पुढे त्याच्याकडे लक्षच जाईनासे होते. ‘ठरलेले पैसे दिले, पावती घेतली, आता त्याचा-आमचा संबंध संपला!’ कोर्टात हे वाक्य बहुधा टिकते. शेत, घर, गुरे, दागिने यांच्या व्यवहारात ते टिकावे हेच समाजाच्या सोयीचे आहे. नाही तर आजोबांनी विकलेल्या बागायतीवर नातू दर पावसाळ्यात हक्क सांगत येईल. परंतु जी वस्तू मातीतून उगवलेली नाही, सुताराच्या पडवीत घडलेली नाही, केवळ एखाद्याच्या डोक्यातून निघालेली आहे, तिच्या बाबतीत हा संबंध खरोखर संपतो काय? मोल दिले म्हणजे ऋणही फिटते काय? हा प्रश्न एखाद्या थोर ग्रंथकाराच्या उदाहरणाने मांडण्याचा मोह मी टाळणार आहे. मुलांसाठी दहा सेंटांच्या चित्रकथा काढणारे, पानावर दर ठरवून राबणारे अमेरिकेतील काही व्यंगचित्रकार मी त्यासाठी निवडले आहेत. थोरांच्या कथेत कीर्ती, सत्कार, पारितोषिके यांची झूल प्रश्नावर पडते आणि तो झाकला जातो. हलक्या समजल्या गेलेल्या या धंद्यात तो उघडा दिसतो.

देवळाच्या उत्सवाची पत्रिका ज्या घरात येते त्या घरात असल्या कागदांची चर्चा कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. पण त्याच घरातील मुलांनी रामकृष्णांची ओळख कित्येकदा चौकटीचौकटींच्या पानांतून करून घेतलेली आहे. कारकळचे अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि कीर्तनाकडे न फिरकणारी पिढीही पुराणांशी थोडीफार बांधलेली राहिली. तेव्हा हा कलाप्रकार आपल्याला परका नाही. परका आहे तो त्यातील एक नायक : अंगाला चिकटलेला वेष, पाठीवर वाऱ्याने फुगणारे वस्त्र, आकाशात उड्डाण, गोळी लागली तरी अंगावर ओरखडा नाही, असा अतिमानव. मुले त्याची तुलना हनुमंताशी करतात, आणि ती ऐकून वडीलधारी मंडळी रागावतात. मला त्या तुलनेत एक वेगळाच भेद दिसतो. हनुमंताचा मालक कोणी नाही. कोणत्याही गावातील कोणीही कवी त्याला रंगमंचावर आणू शकतो. त्यासाठी लेखी परवानगी लागत नाही, दंड भरावा लागत नाही. या अतिमानवाला मालक आहे. त्याच्या छातीवरच्या अक्षरालादेखील मालक आहे.

आणि ज्यांच्या डोक्यातून तो निघाला ते मालक नव्हेत. ओहायो संस्थानातील क्लीव्हलंड शहरी ग्लेनव्हिल हायस्कुलात जेरी सिगेल आणि जो शुस्टर ही दोन मुले शिकत होती. सिगेल लिही, शुस्टर चित्रे काढी. गंमत अशी की, शाळेच्या पत्रात सिगेलने लिहिलेल्या गोष्टींपैकी एक ‘गूबर द मायटी’ ही टारझनचे विडंबन होती. म्हणजे बलाढ्य पुरुषाची थट्टा आधी जन्मली आणि बलाढ्य पुरुष मागाहून. पुढे दोघांनी ‘सुपरमॅन’ रचला. वृत्तपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या मंडळींनी तो वर्षानुवर्षे परत पाठविला. अखेर मार्च १९३८ मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कंपनीने तेरा पानांचे, पानाला दहा डॉलर या दराने, १३० डॉलर दिले आणि त्या नायकावरील सर्व हक्क लिहून घेतले. जून १९३८ ही तारीख घातलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो प्रकट झाला. त्यानंतर कंपनीने काय मिळविले याचा हिशेब देण्याची आवश्यकता नाही. तो नायक आजही कमावताच आहे.

या दोघांना लगेच वाऱ्यावर सोडले असे मात्र नाही. दहा वर्षे त्यांना त्याच नायकाच्या कथांचे काम मिळाले, पानावरचा दर मिळाला, त्या काळी तो चांगलाही होता. १९४७ साली त्यांनी हक्कासाठी दावा लावला. सुपरमॅनच्या बाबतीत करार पक्का ठरला. ‘सुपरबॉय’ या उपनायकाच्या बाबतीत सिगेलची बाजू काहीशी वर राहिली. १९४८ साली सुमारे ९४,००० डॉलरांवर तडजोड झाली. त्यातला मोठा वाटा वकिलांच्या फीत गेला असे सांगतात, आणि त्यावर हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. तडजोडीनंतर कथांवरील दोघांची नावे पुसली गेली. त्याच वर्षी त्यांनी ‘फनीमॅन’ नावाचा विनोदी वीर काढला : पेशाने विदूषक, हाती थट्टेची हत्यारे. स्वतःच्या हातून गेलेल्या नायकाची स्वतःच केलेली ती नक्कल सहा अंकांत आटोपली. शुस्टरची दृष्टी मंदावत गेली. सिगेलने १९५९ च्या सुमारास पुन्हा त्याच कंपनीचे दार ठोठावले आणि आपल्याच मानसपुत्राच्या कथा, पानाच्या दराने, विनानाव लिहिल्या. पुढे तो टपाल वेगळे करणारा कारकून झाला. सुपरमॅनवर मोठा बोलपट निघणार अशी वार्ता आली तेव्हा, १९७५ साली, त्याने आपली कैफियत जाहीर केली. नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन यांसारखे व्यंगचित्रकार पाठीशी उभे राहिले. आणि त्या डिसेंबरात कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलर देण्याचे व कथांवर त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. या कृतीला कोर्टाचा हुकूम कारण झाला नाही. लोकलाज कारण झाली.

आता कायदा पाहू. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाखाली एक उदाहरण आहे, ते विद्यार्थिदशेपासून मला विसरता आलेले नाही. हजार रुपये किमतीचा घोडा कोणी दहा रुपयांना देण्याचे कबूल केले आणि त्याची संमती स्वखुशीची असली, तर मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने तो करार रद्द होत नाही. मोबदला होता की नाही एवढे कोर्ट पाहते. पुरेसा होता की नाही हे पाहत नाही. हा नियम निष्ठुर वाटतो, पण तो शहाणपणाचा आहे. माणसाने केलेल्या प्रत्येक सौद्याची किंमत न्यायाधीश ठरवू लागला तर बाजार भरणार नाही. आणि प्रकाशकाच्या बाजूनेही बोलावयास हवे. तशा शेकडो कथा त्या काळी निघाल्या आणि विसरल्या गेल्या. कागद, छपाई, वितरण यांचा धोका पैसे घालणाऱ्यानेच पत्करला. सुपरमॅन पडला असता तर त्या दोघांनी १३० डॉलर परत केले असते काय? नसते केले, आणि कोणी मागितलेही नसते. हा युक्तिवाद मी विरोधी पक्षाचा वकील म्हणून आनंदाने केला असता.

तो पुरता मात्र पडत नाही, कारण घोडा आणि नायक यांत फरक आहे. घोडा दाणा खातो, म्हातारा होतो, मरतो. त्याचे जे काही मोल होते ते विकण्याच्या दिवशी दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर उभे असते. कल्पनेचे तसे नाही. विकण्याच्या दिवशी तिचे मोल विकणाऱ्याला ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही नसते; म्हणून त्या दिवशीचा भाव लबाडीचा होता असे म्हणता येत नाही. पण पुढे जे फळ येते ते कोणाच्याही सौद्यात धरलेले नव्हते हेही तितकेच खरे. खरेदीखत त्या फळाचा मालक कोण हे सांगते. ते फळ ज्याच्यामुळे आले त्याच्याशी आपण कसे वागावे, याविषयी खरेदीखत काहीच बोलत नाही. आणि त्याचे मौन म्हणजेच परवानगी, असे मानून कंपनी वीस-पंचवीस वर्षे वागली. आपल्या परंपरेत देवऋण, पितृऋण यांच्या जोडीला ऋषिऋण सांगितले आहे. ज्यांनी विद्या निर्माण केली त्यांचे हे ऋण रोकड देऊन फिटत नाही. ते अध्ययनाने, त्यांचे स्मरण चालू ठेवून फेडावयाचे असते. चित्रकथेला विद्या म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. निर्माणकर्त्याचे देणे पावतीच्या बाहेर उरते, हे तत्त्व मात्र तिच्या उंचीवर अवलंबून नाही.

येथे एक आक्षेप आपल्याच बाजूने येतो, आणि तो मला प्रकाशकाच्या आक्षेपापेक्षा भारी वाटतो. आमची देवळे बांधणाऱ्या कारागिरांनी आपली नावे कोठे मागितली? फळाची आसक्ती सोडून कर्म करावे हीच तर आमची शिकवण; मग दोन चित्रकथाकारांच्या नावाचा एवढा टाहो कशाला? प्रथम वस्तुस्थिती पाहावी. सर्वच शिल्पी निनावी राहिले असे नाही. १११७ साली प्रतिष्ठापना झालेल्या बेलूरच्या मंदिरात दासोजासारख्या शिल्पकारांनी आपल्या मूर्तींखाली नावे कोरली आहेत. सोमनाथपूरला मल्लितम्माचे नाव वाचावयास मिळते. देवाला त्यात काही विपरीत वाटलेले दिसत नाही. आमच्या संतांचे पाहा. ज्यांनी सर्वस्व टाकले त्या तुकोबांनी आणि नामदेवांनीही अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा ठेवली. एकनाथांच्या मुद्रेत तर त्यांच्या नावाबरोबर गुरू जनार्दनस्वामींचे नाव आहे. स्वतःचे कर्तेपण आणि दुसऱ्याचे ऋण एकाच मुद्रेत सांगण्याची ती रीत, वकिली भाषेत बोलावयाचे तर, हक्काचा आणि देण्याचा एकत्र दस्तऐवज आहे.

आणि समजा, सर्वच शिल्पी निनावी राहिले असते, तरी प्रश्न सुटला नसता. फलत्यागाचा उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. त्याने तो आपखुशीने आचरावा, त्यात त्याची उन्नती आहे. काम करवून घेणाऱ्याने तो दुसऱ्याला ऐकवावा आणि फळ आपल्या घरी न्यावे, हा त्या उपदेशाचा अर्थ कोणत्या भाष्यकाराने लावला आहे? शिल्पी देवापुढे आपले नाव गाळतो तेव्हा त्या गाळण्यातून कोणाचा नफा होत नाही. सिगेलचे नाव गाळले गेले तेव्हा ते अर्पण नव्हते. दावा लावल्याची ती शिक्षा होती.

इथपर्यंत निर्माणकर्ता आणि विकत घेणारा असे दोनच पक्ष होते. विडंबनकार आला की तिसरा पक्ष उभा राहतो. तो काहीच विकत घेत नाही. दुसऱ्याचा नायक उचलतो आणि त्याला हास्यास्पद करतो. ही चोरी नव्हे काय? निदान उपमर्द तरी? आमच्या कोकण-गोमंतकातील वाचकाला याचे उत्तर देवळाच्या मंडपातच मिळेल. दशावतारी काल्यात मूळ आख्यानाच्या आधी काळ्या वेषातला संकासुर येतो. वेद चोरणारा हा दैत्य. पण तो गावच्या बोलीत असे काही बोलतो की लहानथोर सारे हसतात, आणि मग विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. देवाच्या दारी देवकथेच्याच अंगाने हसण्याची ही मोकळीक पूर्वजांनी ठेवली, ती काही त्यांना भक्ती कमी होती म्हणून नव्हे. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली तेव्हाही ज्यांची कविता लोकांच्या तोंडी होती त्यांचीच थट्टा केली. विडंबन मूळ कृती झाकून ठेवून करता येत नाही. वाचकाला मूळ आठवले नाही तर हसूच येणार नाही. चोर मालाची ओळख पुसतो. विडंबनकाराला ती ठळक करावी लागते.

अमेरिकेत या प्रश्नाची कसोटी १९५३ साली लागली. हार्वी कुर्ट्झमन संपादित ‘मॅड’ या तेव्हाच्या दहा सेंटांच्या पुस्तिकेच्या चौथ्या अंकात ‘सुपरड्युपरमॅन’ आला. लेखन कुर्ट्झमनचे, चित्रे वॉली वुड याची. त्या वेळी सुपरमॅनच्या कंपनीने ‘कॅप्टन मार्व्हल’ या दुसऱ्या लोकप्रिय वीराच्या प्रकाशकावर, फॉसेटवर, नक्कल केल्याचा दावा वर्षानुवर्षे चालविला होता. १९५१ साली अपील-न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला, आणि १९५३ साली फॉसेटने चार लाख डॉलर देऊन तो वीर बंद केला. कुर्ट्झमनने ही भाऊबंदकीच चित्रकथेत आणली. त्याचा ‘कॅप्टन मार्बल्स’ सत्कृत्ये सोडून पैशामागे लागला आहे; सुपरड्युपरमॅनला तो आवरत नाही, तेव्हा हा त्याला डिवचून स्वतःच्याच डोक्यात ठोसा मारावयास लावतो. विजयानंतरही नायिका त्याला झिडकारते. बळ आले म्हणून माणूस मोठा झाला नाही, हे त्या आठ पानांत मुलांना कळले. कोर्टाच्या निकालपत्रात ते कोठे सापडत नाही. कंपनीने दाव्याची धमकी दिली. ‘मॅड’ने त्यानंतर ‘बॅटबॉय अँड रुबिन’ काढताना हे विडंबन आहे हो, असे पहिल्याच चित्रात ओरडून सांगितले, तेही विनोद म्हणून!

न्यायालयांनी पुढे मर्यादा आखली. प्रसिद्ध गीतकार अर्व्हिंग बर्लिन आणि इतरांनी ‘मॅड’मधील पंचवीस विडंबनगीतांवरून लावलेल्या दाव्यात १९६४ साली अपील-न्यायालय ‘मॅड’च्या बाजूने राहिले. उलट, डॅन ओ’नील आणि त्याच्या साथीदारांनी १९७१ साली मिकी माऊसला बीभत्स प्रसंगांत जसाच्या तसा रेखाटला, तेव्हा १९७८ साली न्यायालयाने डिस्नेची बाजू घेतली. मूळ आठवण्यापुरते घ्यावे, त्याहून अधिक घेऊ नये, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाला मोकळीक दिली ती साधारण याच न्यायाने. मला ही मर्यादा नीतीच्या दृष्टीनेही पटते. विडंबनकारही ऋणी आहे. दुसऱ्याने उभ्या केलेल्या मूर्तीच्या खांद्यावर चढून तो बोलतो. तेव्हा मूर्तीला न दिसलेले काही त्याने दाखविले पाहिजे. नुसताच चिखल फासला तर त्या चढण्याचे भाडे त्याने दिले नाही.

पण ज्यांनी ते भाडे चुकते केले त्यांचे काय झाले? ‘मॅड’ची कल्पना, तिची भाषा, तिचे डोके कुर्ट्झमनचे, मालकी विल्यम गेन्स यांची. १९५६ साली कुर्ट्झमनने एक्कावन्न टक्के हिस्सा मागितला आणि तो न मिळाल्यामुळे तो बाहेर पडला. मालकांनी इतका मागितलेला हिस्सा द्यावयास हवा होता असे मी म्हणणार नाही; तशी मागणी मान्य करणारा व्यापारी माझ्या पाहण्यात नाही. पुढची गोष्ट अधिक बोचरी आहे. १९६२ साली ‘हेल्प!’ या मासिकात त्याने विल एल्डरच्या चित्रांनी ‘गुडमन बीव्हर’ या आपल्या भाबड्या नायकाची एक कथा छापली आणि तीत ‘आर्ची’च्या गोंडस मंडळींचे विडंबन केले. आर्चीच्या प्रकाशकाने तक्रार केली. एक हजार डॉलर आणि क्षमापत्र यांवर मिटले. पुन्हा छापताच पुन्हा दावा, आणि या वेळी कथेवरील हक्कच त्या प्रकाशकाच्या हवाली करावे लागले. ज्याची थट्टा केली तोच थट्टेचा मालक झाला आणि त्याने ती कुलपात ठेवली. ते हक्क केव्हाच लोपले होते हे ध्यानी आल्यावर २००४ साली ती कथा पुन्हा छापली गेली. कुर्ट्झमन १९९३ सालीच वारला होता.

वॉली वुडची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती लांबवून सांगणे मला आवडत नाही. रात्रंदिवस मेजाला खिळलेला हा माणूस. असह्य डोकेदुखी, मद्य, मूत्रपिंडाचा विकार, एका डोळ्याची गेलेली दृष्टी. १९८१ साली, चौपन्नाव्या वर्षी, त्याने स्वतःचे जीवन संपविले. त्याचे दुःख पानाच्या दरानेच निर्माण झाले असे म्हणणे सोपे होईल आणि बहुधा खोटे होईल. एवढे मात्र नोंदले पाहिजे की, १९६६ साली त्याने ‘विट्झएंड’ नावाचे एक छोटे मासिक काढले आणि त्यात लिहिणाऱ्या-चितारणाऱ्या प्रत्येकाचे हक्क त्याच्याकडेच राहू दिले. आपल्याला जे मिळाले नाही ते त्याने आपल्या सोबत्यांना दिले.

आपल्या देशात चित्र काढून पोट भरणाऱ्या तरुणाची स्थिती काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमान्वये नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक सामान्यतः नोकरी देणाराच ठरतो. पण त्याच कायद्याचे ५७ वे कलम सांगते की, हक्क विकून टाकल्यावरही ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. सिगेल-शुस्टरना जे १९७५ साली लोकलाजेने मिळाले, ते आपल्या पुस्तकात त्याच्या अठरा वर्षे आधीच लिहिलेले होते. अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनासाठी केलेले भव्य भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकले, तेव्हा याच कलमाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांना शिल्पाचे अवशेष परत देवविले आणि पाच लाख रुपये भरपाईही. सरकारने शिल्पाचे मोल चुकते केले होते. कोर्टाने ते पुरेसे मानले नाही. तरीही चित्रकाराने हा अधिकार आपखुशीने सोडला आहे, असे कलम बारीक अक्षरांत घातलेले करार माझ्या मेजावर येतात. तसा करार घेऊन येणारा मुलगा बहुधा पंचवीस वर्षांच्या आतला असतो, त्याला आगाऊ रक्कम हवी असते, आणि ते कलम गाळून घ्या असे सांगितले की तो विचारतो, ‘पण मग ते काम देतील ना?’

१ जानेवारी २०३४ रोजी अमेरिकेत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या त्या पहिल्या अंकावरील हक्काची मुदत सरलेली असेल. व्यापारचिन्हांचे तंटे चालतील ते चालोत. पण त्या अंकातला, त्या पहिल्या रूपातला अतिमानव कोणालाही रेखाटता येईल, कोणालाही त्याची थट्टा करता येईल, जशी आपल्या मंडपात होते तशी. १९३८ चे खत आणि १९७५ चा समझोता यांपैकी काहीही त्या नव्या चित्रकाराला बांधणार नाही. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात क्लीव्हलंडच्या त्या दोन मुलांची नावे लिहावयाची की नाही, हे त्याला कोणी विचारणार नाही.